न बोलणारे फोन

ऑफिसात तिला सगळे नकारघंटा म्हणायचे, अगदी तोंडावर. तिचं कामच तसं होतं. संकटातल्या माणसाचा फोन मदत कक्षात आला की तो कुठून आला हे नकाशावर दाखवायचं आणि जवळची गाडी सुचवायची, अशी प्रणाली तिची कंपनी बनवायची. नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी त्या प्रणालीतल्या चुका हुडकणं हिच्याकडे. ही हो म्हणेपर्यंत पान हलत नसे.

नोकरीचा थाट होता, नाही असं नाही. सासूबाई शेजारणींना ऐकवत, आमच्या सुनेमुळे लोकांचे जीव वाचतात. पण सायरन वाजला की सुनेच्या मनात यायचं, पत्ता बरोबर दाखवला असेल ना? सख्ख्या भावाच्या लग्नात ती लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती, आणि भाऊ ते अजून विसरलेला नाही.

यंदा बढती अगदी हाताशी आली होती, तेवढ्यात ही आवृत्ती आली. खिशातून चुकून लागणाऱ्या फोनांनी मदत कक्षाचे वरिष्ठ वैतागले होते. त्यांनी मागणी केली, म्हणून पलीकडून कुणी बोललं नाही की फोन आपोआप कापायची सोय केली होती. चाचणीत ती चोख चालली. तरी होकार देताना हिचा हात अडला.

कंपनीत नव्या माणसाला आधी काही दिवस मदत कक्षात, कानाला हेडफोन लावून बसवायची पद्धत होती. तिथे तिने असाच एक मुका फोन ऐकला होता. फोन घेणाऱ्या ताई हलक्या आवाजात म्हणाल्या होत्या, बोलता येत नसेल तर कुठलंही बटण दाबा. बऱ्याच वेळाने एक बटण वाजलं होतं.

ती नाही म्हणाली. साहेबांनी आधी समजावलं, मग बढतीची आठवण करून दिली. घरी नवराही म्हणाला, जगाचा मक्ता तू एकटीनेच घेतलायस का? तिने दोघांचं ऐकून घेतलं आणि आपलंच धरून बसली. फोन कापण्याआधी यंत्राने बटण दाबायला सांगावं, आणि दाबलं तर फोन थेट माणसाकडे जावा. त्यात आवृत्ती लांबली, साहेबांना बोलणी खावी लागली आणि बढती दुसऱ्याला गेली. तिला फार लागलं ते. पण मागणी तिने सोडली नाही.

शेवटी तिने मागितलेली बटणाची सोय सुरू झाली, आणि थोड्याच दिवसांत त्या ताईंचा फोन आला. आज कुणीतरी बटण दाबलं, म्हणाल्या. कोण, कुठे, हे कक्षाबाहेर सांगायची परवानगी नव्हती, आणि ते तिला ठाऊक होतं.

"गाडी पोचली का, एवढं तरी सांगा."

"पोचली. वेळेत."

ती जिन्यात जाऊन पोटभर रडली. तोंड धुऊन परत आली तर साहेब टेबलाशी उभे. पुढची आवृत्ती उद्या सोडायची ना, असं विचारत होते.

"आधी मी बघते," ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.