सव्वाशे लाल पंचे

प्रारंभीच क्षमा मागते. लिहिणे हा माझा व्यवसाय नाही, आणि ज्या भाषेत मी हे लिहीत आहे ती मी कोणत्याही शाळेत शिकलेली नाही. आमचे घराणे रंगाऱ्यांचे, कितीतरी पिढ्यांपूर्वी म्हैसूरला येऊन स्थिरावलेले. घरात मराठीच बोलली जाते, पण तिच्यातले निम्मे शब्द कन्नड असतात. शाळा कन्नडमध्ये झाली. पुढे रसायनशास्त्र इंग्रजीत शिकले आणि निवृत्त होईपर्यंत इंग्रजीतच शिकवले. छापील मराठी मी साठीच्या उंबरठ्यावर वाचू लागले. त्यातून माझा विषय फुटबॉलचा. या विषयावर लिहू शकतील अशी जाणती माणसे आमच्या स्टँडमध्ये पुष्कळ आहेत. परंतु गेल्या हंगामात जे घडले त्यात मुख्य चूक माझी होती, आणि आपली चूक दुसऱ्याने लिहिण्यापेक्षा आपण लिहिलेली बरी, एवढ्याच आधारावर हे धाडस करते.

आमच्या शहराचा एक व्यावसायिक संघ आहे. तो मोठा नाही. राज्याच्या लीगमध्ये खेळतो, कधी वर चढतो, कधी खाली घसरतो. त्याची जर्सी लाल. बाजारातला भडक लाल नव्हे. किंचित विटकरीकडे झुकणारा, पिकल्या डाळिंबाच्या सालीसारखा. प्रेक्षक संघाला नावाने हाक मारतच नाहीत. ‘केंपु’ म्हणतात, म्हणजे कन्नडमध्ये लाल, आणि संपूर्ण पूर्व स्टँड नव्वद मिनिटे हा एकच शब्द ढोलावर म्हणत असतो. मी निवृत्त झाले तेव्हा माझे थोरले बंधू, ज्यांना मी अण्णा म्हणते, मला तिथे प्रथम घेऊन गेले. मेटगळ्ळीला त्यांची विजेच्या मोटारींत तांब्याची तार भरण्याची, म्हणजे वाइंडिंगची, शेड आहे. शनिवारी दुपारी ती बंद करून ते थेट मैदानावर येतात. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी झाली होती. “घरात बसून काय करणार? सुम्ने ये,” एवढेच ते म्हणाले. मी सुम्ने, म्हणजे उगीचच, गेले आणि पाच वर्षे जात राहिले.

दोन वर्षांपूर्वी संघाचे पैसे संपले. खेळाडूंना तीन महिने पगार मिळाला नाही. आमचा सर्वांत चांगला आघाडीपटू बंगळूरच्या एका श्रीमंत संघाकडे गेला. स्टँडमध्ये काहींनी त्याला शिव्या दिल्या. मला त्या देता आल्या नाहीत, कारण पगाराविना तीन महिने मीही नोकरी केली नसती. कर्णधाराला त्याच संघाने बोलावले होते. तो हुणसूरकडचा, शांत, कामापुरते बोलणारा मुलगा. तो गेला नाही. का, हे त्याने कोणाला सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. फक्त तो मैदानात उतरला की ढोल थोडा जास्त वाजू लागला.

मग एका बांधकाम कंपनीच्या मालकांनी संघ विकत घेतला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी थकलेले सगळे पगार चुकते केले. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढच्या गोष्टीत ते गृहस्थ खलनायक वाटण्याची शक्यता आहे, आणि तसे ते नव्हते. परंतु हंगाम संपत आला तेव्हा जाहीर झाले की संघ यापुढे कंपनीच्या रंगात, पांढऱ्यात, खेळेल. घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना नव्या जर्सीत होईल आणि त्यानंतर लाल रंग कायमचा जाईल.

नजरबादमधल्या एका उपाहारगृहाच्या वरच्या मजल्यावर आमची बैठक झाली. तीस-पस्तीस माणसे असतील. ढोल वाजवणारे आमचे पुढारी राज्य परिवहनच्या बसचे कंडक्टर आहेत. हुणसूरची फेरी संपवून, खाकी शर्टातच ते आले होते.

“पगार देणारा रंग ठरवणार,” ते म्हणाले. “उद्या म्हणेल, चेंडू चौकोनी पाहिजे. मग आपण चौकोनी चेंडूला टाळ्या वाजवायच्या, अल्वा?”

“सामन्याला जायचंच नाही,” कोणीतरी मागून म्हणाले.

“न जाऊन काय होणार री?” अण्णा म्हणाले. “रिकामा स्टँड पण पांढराच दिसतो.”

यावर हशा झाला, आणि ठरले ते असे की सगळ्यांनी लाल घालून जायचे. पण जुन्या जर्सी मोजक्यांकडेच होत्या. बाजारातून लाल कापड आणावे, तर प्रत्येक दुकानातला लाल वेगळा. कंडक्टर म्हणाले, “चार छटांचा लाल घेऊन बसलो तर लग्नाचा मांडव वाटेल. आमचाच लाल पाहिजे.”

अण्णांनी माझ्याकडे बोट केले. “ही रसायनशास्त्र शिकवायची. आणि आम्ही रंगारी.”

“तुम्ही मोटारी भरता री,” कंडक्टर म्हणाले.

“मी भरतो. बाप रंगारी होता.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी मान खाली घालून चहाच्या पेल्याकडे पाहत म्हणाले, की प्रत्येकाने घरून एकेक पांढरा सुती पंचा आणून दिला तर मला जमेल असे वाटते. हे वाक्य माझ्या तोंडून कसे निघाले, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

आमच्या घरात रंगाचे काम बंद होऊन चाळीस वर्षे झाली. मागे राहिला तो वडिलांचा तांब्याचा मोठा हंडा. दर आयुधपूजेला आम्ही तो चिंचेने घासतो, हळदकुंकू वाहतो आणि परत माळ्यावर चढवतो. त्यात पाणी मात्र कोणी ओतले नव्हते. तो हंडा आम्ही गच्चीवर विटांच्या चुलीवर मांडला. औषधी मुळ्यांच्या दुकानातून मंजिष्ठ, हिरडा आणि तुरटी आणली. मंजिष्ठेचे मूळ गरम पाण्यात ठेवले की लाल उतरतो. हिरडा आणि तुरटी तो धाग्यात पक्का धरून ठेवतात. माझ्या जुन्या तराजूवर मी प्रत्येक वस्तू ग्रॅमपर्यंत मोजली, तापमापी लावून पाणी उकळीच्या खाली ठेवले, तीन तुकडे रंगवून जर्सीशी ताडून पाहिले. तिसरा तुकडा जर्सीवर ठेवला आणि अण्णांना तो शोधावा लागला.

बातमी स्टँडभर पसरली आणि सव्वाशे पंचे जमले. लोकांनी जुने, वापरलेले आणले असतील असे मला वाटले होते. पण संघासाठी द्यायचे म्हणून सगळ्यांनी घरातले चांगल्यातले चांगले, इस्त्री केलेले, सणासुदीचे पंचे काढून दिले होते. त्यांना साबणाचा वास येत होता. मी ते धुतलेले समजून थेट हिरड्याच्या पाण्यात टाकले. चार दिवस मी आणि अण्णा गच्चीवर होतो. दोरीवर वाळत घातलेले ते पंचे पाहून समोरच्या घरातल्या बाईंनी विचारले की आमच्याकडे कार्य आहे का. मी हो म्हणाले.

सामन्याच्या दिवशी पूर्व स्टँड असा लाल दिसला की आमच्या मागच्या रांगेतले वृद्ध गृहस्थ माझ्या पायाला हात लावू लागले; मी घाईघाईने पाय मागे घेतला. संघ पांढऱ्या जर्सीत बाहेर आला. समोर तोच बंगळूरचा संघ, पिवळ्यात. आम्ही ‘केंपु’ म्हणू लागलो. आमच्या खेळाडूंनी आधी स्वतःच्या छातीकडे पाहिले आणि मग आमच्याकडे. मालक मधल्या खुर्च्यांवर बसले होते. ते हसून हात हलवत होते. पहिल्या अर्ध्यात काही झाले नाही.

एप्रिलचे ऊन होते. मध्यंतरात लोक नळावर गेले, पंचे भिजवले आणि डोक्यावर ठेवले. आपल्याकडे उन्हात माणूस दुसरे काय करणार? पाचच मिनिटांत मला कपाळावरून कानामागे ओघळणारे लाल ओहोळ दिसू लागले. अण्णांचे अर्धे तोंड लाल. कंडक्टरांच्या खाकी शर्टाची कॉलर लाल. ढोलाच्या चामड्यावर बोटांचे लाल ठसे.

“मॅडम,” कंडक्टर मागे वळून म्हणाले, “हे रंगवलंय की नुसतं घाबरवलंय?”

“हिच्या कॉलेजातल्या मुलांची काळजी वाटते मला,” अण्णा म्हणाले.

माझ्या लक्षात आले ते तेव्हा. चांगल्या पंच्यांना खळ असते. नव्या कापडाला गिरणीतच कांजी लावलेली असते, आणि इस्त्रीच्या पंच्याला घरीही लावतात. रंगाऱ्याचे पहिले काम ती खळ उकळून काढणे. वडील त्यातच दोन दिवस घालवत. मी ग्रॅम मोजले, तापमान मोजले, आणि जे प्रत्येक रंगारी आधी करतो तेच केले नाही. माझा लाल धाग्यावर बसलाच नव्हता. तो खळीवर बसला होता, आणि पाणी लागताच खळीबरोबर निघाला. शक्य असते तर मी खुर्चीखाली शिरले असते. आमचे म्हणणे काय होते? हा रंग जाऊ नये. आणि तो सव्वाशे माणसांच्या मानेवरून, मालकांच्या डोळ्यांसमोर, जात होता.

सत्तराव्या मिनिटाच्या सुमारास कर्णधाराने मध्यातून चेंडू घेतला. एकाला डावीकडून, एकाला उजवीकडून टाळत तो पुढे गेला, सगळ्यांना वाटले पास देणार, आणि त्याने लांबूनच खालून मारला. गोलरक्षकाचा हात उशिरा पोचला.

तो धावत सुटला तो आमच्याच दिशेने. जाहिरातींचे फलक ओलांडून, बुटकी भिंत चढून तो पहिल्या रांगेत पडला आणि पन्नास ओले लाल हात त्याच्याभोवती पडले. मागोमाग बाकीचे खेळाडू आले. पंच शिट्टी वाजवत उभे होते. कर्णधार बाहेर आला तेव्हा त्याच्या पाठीवर पंजे होते, खांद्यावर पंजे, छातीवरच्या कंपनीच्या चिन्हाभोवती कोणाच्या तरी गालाचा ठसा. पंचांनी त्याला पिवळे कार्ड दाखवले. प्रेक्षकांत शिरले की ते मिळतेच, हे त्याला माहीत होते. त्याने ते मान झुकवून स्वीकारले, मग छातीकडे पाहिले आणि पहिल्यांदाच मोठ्याने हसला. उरलेली वीस मिनिटे आमचा संघ लाल जर्सीत खेळला, आणि सामना एक-शून्यने जिंकला. तो गलका मी आयुष्यात पुन्हा ऐकेन असे मला वाटत नाही, आणि त्यात माझाही आवाज होता.

गर्दी ओसरत असताना मालक आमच्या स्टँडकडे आले. सोबत कर्णधार होता, तसाच माखलेला.

“कोणी रंगवले हे?” त्यांनी कन्नडमध्ये विचारले.

अण्णा पुढे होऊ लागले. मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, “मी रंगवले, सर. तुमच्या जर्सी खराब होणार नाहीत. कापड पॉलिस्टरचे आहे, हा रंग त्याला धरत नाही. साध्या साबणाने एका धुण्यात निघेल. माझी चूक झाली, मी पंच्यांची खळ काढली नाही.”

त्यांनी कर्णधाराच्या खांद्यावरचा एक पंजा बोटाने घासून पाहिला. “म्हणजे डाग निघणार?”

“निघणार.”

“मग तुम्ही हे मला कशाला सांगता? मी घाबरलो असतो तर तुमचाच फायदा होता.”

कंडक्टर मागून म्हणाले, “त्या शिक्षिका आहेत, सर. त्यांना कॉपी चालत नाही.”

मालक हसले. मग मी ते बोलले जे बैठकीत बोलायला हवे होते. “तुम्ही या मुलांचे पगार दिलेत, त्याबद्दल या स्टँडमधला प्रत्येक माणूस तुमचा आभारी आहे. तुमच्या कंपनीचे नाव छातीवर कितीही मोठे घाला. पण तुम्ही संघ घेतलात तेव्हा तो रंगासकट घेतलात, अशी आमची समजूत होती.”

ते हे ऐकून घेऊन मागे वळले. कर्णधाराला त्यांनी विचारले, “तुला काय वाटते?”

त्याने एकदा आमच्याकडे पाहिले. त्याचा करार संपत आला होता हे आम्हां सगळ्यांना माहीत होते. मग म्हणाला, “सर, पांढऱ्यात मी गोल केला. पण पळताना कुठे जायचं ते यांच्याकडे बघून कळलं.”

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचा तो पंजांनी भरलेला पाठमोरा फोटो आला. तीन आठवड्यांनी संघाने नव्या हंगामाची जर्सी जाहीर केली: घरच्या मैदानावर लाल, छातीवर पांढऱ्या अक्षरांत कंपनीचे नाव, बाहेरगावी पांढरी. अण्णांचे मत असे की फोटो पाहून लोक लाल जर्सी मागू लागले आणि मालकांनी विक्रीचा विचार केला. तसेही असेल. पैशाने आमचा रंग वाचवला असेल तर त्या पैशाबद्दल माझी काही तक्रार नाही. कर्णधारानेही नवा करार केला, आणि या वेळी चांगल्या पगारावर, याचा आम्हांला अभिमान वाटला. पहिल्या सामन्याला अकरा लाल जर्सी भुयारातून बाहेर आल्या तेव्हा कंडक्टरांनी ढोल वाजवायचे विसरून दोन्ही हात वर केले, आणि स्टँड ढोलाशिवायच ओरडू लागला.

एवढेच मला सांगायचे होते. आता तुम्हांला एक विचारते: तुमच्या गावच्या संघाचा रंग कोणता आहे?