बोलणारे दिवे

चांगदेव रणपिसेंचे कान कारखान्यातच गेले. पत्रे ठोकण्याच्या खात्यात उमेदीची सारी वर्षं गेली. रिटायर होऊन कल्याणच्या चाळीत घरी बसले, तेव्हा शेजारी फुटलेला फटाकाही त्यांना ऐकू येत नव्हता.

मुलगी शालू नर्स होऊन मस्कतला गेली. रविवारी तिचा फोन यायचा. रंभाबाई बोलायच्या, हसायच्या, मध्येच डोळे पुसायच्या. चांगदेव समोर बसून बायकोच्या तोंडाकडे बघत राहायचे. फोन ठेवला की विचारायचे, "काय म्हणाली?"

रंभाबाई हाताने खूण करायच्या. बरी आहे. एवढंच.

अठ्ठ्याण्णव साली शालूची मैत्रीण उत्तरा रिक्षातून एक जुना कॉम्प्युटर आणि तो फोनच्या लाइनला जोडायचा छोटा डबा, मोडेम, घेऊन आली. ती स्टेशनजवळच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायची. तिथे नवी मशीनं आली होती.

"अगं, ह्यांना ऐकू येत नाही. फोनच्या डब्याचं ते काय करणार?" रंभाबाई म्हणाल्या.

"मावशी, ह्यात ऐकायचं नाहीच काही. वाचायचं."

तिने फोनच्या लाइनवरच मोडेमची वायर जोडली आणि मोडेमवरचे दिवे दाखवत चांगदेवांसाठी पाटीवर लिहिलं: हा दिवा विजेचा. हा लागला की लाइन जोडली गेली. हे दोन लुकलुकले की एक आपलं पाठवतोय, दुसरा तिकडचं आणतोय.

मोडेम किंचाळू लागला. रंभाबाईंनी कान झाकले. चांगदेव मात्र निवांत दिव्यांकडे बघत होते. लाइन लागली, आणि तेवढ्यात रंभाबाईंनी बाळकुमला राहणाऱ्या बहिणीला फोन लावायला रिसिव्हर उचलला. दिवा विझला.

"मावशी, लाइन एकच आहे ना! हे चालू असताना फोन उचलायचा नाही."

"बाई गं! मला काय ठाऊक?" रंभाबाई फोनपासून लांब जाऊन बसल्या.

दुसऱ्या खेपेला जमलं. मस्कतच्या हॉस्टेलवर शालू कॉम्प्युटरसमोर वाट बघतच होती. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं: बाबा, जेवलात का?

चांगदेव बघतच राहिले. मग एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं: जेवलो. तुला तिथे रडू येतं का?

 मग दिवा लुकलुकला.

येतं. आईला सांगू नका.

उत्तरा हळूच उठून रंभाबाईंशी बोलायला गेली. बापलेक कितीतरी वेळ लिहीत होते: रुग्णांबद्दल, तिथल्या उन्हाबद्दल, शालूला आवडणाऱ्या सुक्या बोंबलाबद्दल.

"काय म्हणाली?" शेवटी रंभाबाईंनी खुणेने विचारलं.

"बरी आहे," चांगदेव म्हणाले, आणि हसले.

बुद्धपौर्णिमेला ते खिरीचं भांडं घेऊन उत्तराच्या दारी गेले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने ते फार मोठ्याने बोलत. अख्ख्या जिन्याला ऐकू गेलं.

"पोरी, माझी लेक माझ्याशी बोलली गं! तुझे उपकार कसे फेडू?"

 उत्तराने वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि त्यांना घरात नेऊन बसवलं.