भिंतीला टेकवलेलं दार

"स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, आणि तो लिव्हरपर्यंत पोचलाय," डॉक्टर खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये मला म्हणाले. "त्यांना तुम्ही सांगता की मी सांगू?"

मी म्हटलं, "कुणीच नको."

मी सावेडीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. पुराव्याशिवाय बोलायचं नाही, असा माझा वर्गातला दंडक. आणि नवऱ्याच्या बाबतीत मी अर्ध्या मिनिटात ठरवून टाकलं, की यांना खरं कळता कामा नये. डॉक्टरांनी सहा महिने धरले होते. ते यांनी हसतखेळत काढावेत, एवढंच मला हवं होतं.

तुमच्या घरात कुणाला असं होऊ नये, पण सुरुवात कशी होते ते सांगून ठेवते. दुखलं काहीच नाही. अंगाला खाज सुटायची, जेवण कमी झालं. यांचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरायचं, म्हणजे आतली तार नव्यानं गुंडाळून द्यायचं दुकान होतं, त्या दगदगीनं असेल असं वाटलं. मग एका सकाळी दाढी करताना हे म्हणाले, "मॅडम, माझे डोळे बघा बरं. हळद लागल्यावानी दिसत्यात." रक्तात बिलिरुबिन, म्हणजे पित्तातलं पिवळं द्रव्य, भरमसाट वाढलं होतं. सोनोग्राफी झाली, सीटी स्कॅन झालं, शेवटी बायॉप्सी, म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं. रिपोर्टला आठ दिवस लागले. तेवढ्या दिवसांत वेटिंग रूममधला लसीकरणाचा तक्ता मला पाठ झाला.

हे मूळचे शनिशिंगणापूरचे. तिथल्या घरांना चौकट असते, दार नसतं. कुत्रं शिरू नये म्हणून रात्री एक फळी टेकवायची, बस्स. देव राखण करतो, चोरी होत नाही, ही तिथली श्रद्धा. माझ्या सासूबाईंची, त्यांना मी आत्या म्हणते, पितळी घागर एकदा अंगणातून गेली. आत्या म्हणाल्या, "कुनी न्हेली असंल, आनून ठिवील." या गोष्टीला आठ वर्षं झाली. घागरीची जागा त्यांनी अजून मोकळी ठेवलीय. यावरून मी यांना किती छळलं असेल. पण त्या घरी सव्वीस वर्षांत मला एकदाही धड झोप लागली नाही. सावेडीच्या फ्लॅटला मी दोन-दोन कड्या लावायची, आणि हे भर दुपारी दार सताड उघडं टाकून पेपर वाचत बसायचे. आमची निम्मी भांडणं त्या दारावरून झाली.

दवाखान्यातही दार लावलं की यांचा जीव गुदमरायचा. आजारी माणसाशी कुठे वाद घाला, म्हणून मी ते उघडंच ठेवत होते.

यांना सांगितलं, पित्ताच्या वाटेत खडा अडकून कावीळ झालीय. मग ईआरसीपी केली. यात तोंडावाटे दुर्बीण घालून पित्ताच्या नळीत स्टेंट, म्हणजे वाट मोकळी ठेवणारी छोटी नळी, बसवतात. पित्त वाहतं झालं, खाज थांबली आणि काही दिवसांत डोळे चक्क पांढरे झाले. केमो झेपण्याइतकी ताकद अंगात नाही, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं, त्यामुळे माझं खोटं उघडं पडायला काही कारणच उरलं नाही.

"कावीळ उतरली, मॅडम," हे म्हणाले. "आता गावाकडच्या आपल्या खोलीला दार बसवतो. कडीसकट."

"शनिदेव काय म्हणेल?"

"त्याला म्हाईत न्हाई व्हय, माझी बायको भित्री हाय ते?"

मग दार आत उघडावं की बाहेर, यावर आम्ही अख्खी दुपार घालवली. मी आत म्हणत होते. वाऱ्यानं आपटेल, असं यांचं म्हणणं. आम्ही इतके हसलो की सिस्टर डोकावून गेली. हसता हसता मी मनात दिवस मोजत होते.

पाचव्या महिन्यात हे गेले. शेवटपर्यंत आमच्यात कावीळच होती.

तेराव्यासाठी गावी गेले, तर आमच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेलं नवंकोरं सागवानी दार. त्यावर सुतारानं खडूनं लिहिलेलं, 'आत उघडणारं'. मी आत्यांना विचारलं, "हे कुणी करवलं?"

"त्यानंच दवाखान्यातनं सुताराला फोन केल्ता," आत्या म्हणाल्या. "म्हनला, बिगीबिगी कर, मला येळ न्हाई."

"त्यांना माहीत होतं?"

"पयल्या दिशीच. दार उगडंच हुतं ना. तू अन् डाक्टर भाईर बोलत हुते, त्यानं समदं ऐकलं. मला म्हनला, आये, तिला कळू दिऊ नको. मला म्हाईत न्हाई असं वाटतंय, तवर ती हसती तरी."

लोक म्हणतात, दोघांनी एकमेकांना सुखात ठेवलं. असेल. पण मला यांच्याबरोबर एकदाच, दोघांना सगळं माहीत असताना, चहा प्यायचा होता. भीती वाटते का, विचारायचं होतं. माझी भीती सांगायची होती. पाच महिने आम्ही एका खोलीत होतो आणि एवढं राहून गेलं. यांची फार आठवण येते, पण त्याहून जास्त त्या न झालेल्या बोलण्याची येते.

म्हणून कुणी विचारलंच तर मी सांगते, खरं सांगा. आणि सांगताना ती दाराची दुपार आठवते. खरं बोललो असतो तर ती मिळाली असती का, ठाऊक नाही. ती परत करा म्हटलं तर मी करणार नाही. त्या दुपारपुरती मी यांची आणि त्या खोट्याचीही ऋणी आहे.

आता दर शनिवारी शाळा सुटली की मी गावी जाते. दार अजून भिंतीलाच टेकलेलं आहे. आत्या दर खेपेला विचारतात, "बसवून घ्यायचं का?" मी म्हणते, "राहू द्या."

रविवारी दुपारी उघड्या चौकटीकडे तोंड करून आडवी होते. गेलेलं माणूस परत येत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरी सतरंजीवर निम्मी जागा मोकळी सोडते. आणि मला झोप लागते.