मरणाची बरी

विठामावशी बोलायला लागल्या की सगळं मरणाचं असतं. मरणाचं ऊन, मरणाची गर्दी, मरणाचा गोड ऊस. कसबा बावड्यात आमच्या गल्लीला त्या दूध घालतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलता ऋतुराज जर्मनीत नोकरीला. घरी त्या आणि दोन म्हशी. जायच्या आधी त्यानं गोठ्याला फरशी घातली, तर मावशी गल्लीभर सांगत फिरल्या, "म्हशींस्नी बंगला केलाय पोरानं!" त्याची आठवण येते का, असं विचारलं तर मात्र एवढंच म्हणायच्या, "बरी हाय की मी." तिथं मरणाचं कधी आलं नाही.

परवा सकाळी त्या किटली न घेताच दारात आल्या. पायात चप्पल नव्हती. दारातच बसल्या.

"वैनी, ह्ये बघा. पोरानं काय लिवलंय?"

मोबाईलवर ऋतुराजचं स्टेटस होतं. खिडकीबाहेर बर्फ आणि खाली इंग्रजीत, 'बोअर्ड टू डेथ'. डेअरीतल्या पूर्णिमानं शब्दाला शब्द लावून सांगितलं होतं, कंटाळलाय, मरणापर्यंत. तेव्हापासून त्या फोन लावत होत्या आणि तो उचलत नव्हता.

"मावशी, तिकडं अजून रात्र आहे, झोपला असेल. आणि हे म्हणजे तुमचं मरणाचं ऊन असतं ना, तसंच. मरणाचा कंटाळा आलाय, एवढंच."

"इंग्रज बी आसंच बोलत्यात?"

"अगदी असंच."

त्या हसल्या, पण उठल्या नाहीत. मीही उठा म्हटलं नाही. माझी लेक तेजस्वी पुण्याहून असलेच शब्द पाठवते. अर्थ मला पाठ आहे, तरी तिचा आवाज ऐकेपर्यंत डोळा लागत नाही. दूध नव्हतं, म्हणून कोरा चहा केला. तो त्यांच्या हातातच निवला.

बऱ्याच वेळानं फोन वाजला. मावशींनी स्पीकर लावला.

"आये, एवढे मिस्ड कॉल? म्हस व्याली व्हय?"

"म्हशीचं ऱ्हाऊ दे. तू मरायला लागलायस न्हवं तिकडं?"

तो खो खो हसला. "आगं सुट्टी हुती, भाईर बर्फ. करमंना म्हणून लिवलं."

"परत आसलं लिवू नगंस."

"न्हाय लिवत. तू कशी हायस?"

"मी? मरणाची बरी हाय."

पलीकडचं हसू थांबलं. आईची बोली त्याला माझ्यापेक्षा जास्त कळते. हळूच म्हणाला, "आये, करमत न्हाय व्हय गं तुला?"

मावशींनी स्पीकर बंद करून फोन कानाला लावला. "दूध घालायचं ऱ्हायलंय," असं म्हणून त्या पायरी उतरल्या. फोन ठेवला नाही. तशाच, कानाशी फोन धरून, अनवाणी गोठ्याकडं गेल्या.