आबासाहेबांच्या लाल गाडीचे टायर

जे आता सांगणार आहे ते माझ्या बायकोला माहीत नाही. दुकानात रोज माझ्या मांडीला मांडी लावून चहा पिणाऱ्यांना माहीत नाही. आणि ज्याला सगळ्यात आधी कळायला हवं होतं, त्या सोमलाला तर नाहीच नाही. दहा वर्षं झाली. तुम्ही समोर बसलाच आहात, तर ऐका.

सोमला हा आबासाहेबांचा ड्रायव्हर होता. तांड्यावरचा माणूस – वाडवडील बैलांवर माल लादून मुलुखभर फिरलेले, हा मोटारीवर बसला. त्याची रोजी माझ्यामुळे गेली. रोजी तर गेलीच, पण त्याहून मोठंही काही गेलं. ते काय, ते सांगतो. मात्र मला थोडं आडवळणानं जाऊ द्या. सरळ त्या दिवसावर यायला अजून जीभ रेटत नाही.

आधी माझं सांगतो. मला टायर कळतात. हे मी आजही छाती ठोकून सांगेन, आणि या कबुलीनंतर तुम्ही हसलात तरी सांगेन. हिंगोलीत तेव्हा मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्या मोजणाऱ्या बोटांना काळं लागलेलं असायचं ते माझ्याच शेडमध्ये. नुसती चालती गाडी ऐकून मी मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे हे सांगायचो. वसमत, कुरुंदा, पार गोरेगावपर्यंत लोक म्हणत – टायर घ्यायचा तर मिस्तरीला सोबत न्या. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? फार आवडायचं.

आता पळणाऱ्या गाडीचा टायर कसा निवडायचा, हे तुम्हाला सांगून ठेवतो. पुढचं त्यावरच आहे. साध्या मोटारीला कुठलेही बरे टायर चालतात, तिची चालच म्हशीची. पण दोन माणसांची, बुटकी, हलकी, पळणारी गाडी असली की गोष्ट वेगळी. वळणावर ती अंग टाकते, आणि त्या क्षणी तिचा सगळा जीव तळहाताएवढ्या चार जागांवर असतो – जिथं रबर जमिनीला टेकतं तिथं. म्हणून पहिल्यांदा रबर बघायचं. अंगठ्याचं नख दाबा. खूण उमटली आणि हळूहळू भरून आली, तर रबर जिवंत. नख नुसतं घसरलं, तर तो टायर फळीवर पडून पडून म्हातारा झालेला. मग बाजूची भिंत बघायची, ती ताठ हवी. नक्षी सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात, आधी नक्षीवर भाळतात.

मीही तेच केलं. मी! – विश्वास बसतो का?

आबासाहेब म्हणजे गोरेगावकडचे मोठे जमीनदार. मनानं वाईट नव्हते, पण हौस दांडगी. लढाई सुरू व्हायच्या आदल्या वर्षी त्यांनी सिकंदराबादेहून एका साहेबाची जुनी गाडी आणली. लालभडक, उघडी, दोनच माणसं बसतील अशी. तिचे टायर पार गुळगुळीत झालेले. दसरा जवळ आलेला, आणि त्या वर्षी घोड्याऐवजी या गाडीतून शिलंगणाला जायचं असं आबासाहेबांनी साऱ्या गावाला सांगून ठेवलेलं. म्हणून त्यांच्या जुन्या मोटारीत बसून आम्ही तिघं – आबासाहेब, सोमला आणि मी – नांदेडला टायर घ्यायला गेलो.

दुकानात त्या मापाचे, चार-चार टायरांचे दोनच जोड होते. एकाची नक्षी साधी, चौकटींची, दिसायला गावठी. दुसरा विलायती – लांब सरळ रेघा, कडेला कोरलेली अक्षरं, शर्यतीच्या गाड्यांना असतात तसे. दुकानात चार मोठी माणसं बसलेली. आबासाहेबांनी मोठ्यानं विचारलं, "बोला मिस्तरी, कोणते?" आणि मी – हात न लावता, नख न टेकवता – उभ्या उभ्या विलायतीकडे बोट दाखवलं. "हे. एक नंबर. पळणाऱ्या गाडीला दुसरे नाहीतच." चारही माणसांनी माना डोलावल्या. मला कसं वाटलं असेल, सांगायला नको.

मग सोमला खाली बसला. त्यानं दोन्ही टायरांवरून हात फिरवला, दाबून बघितलं, आणि अगदी हळू, मला एकट्यालाच ऐकू येईल असं म्हणाला, "मिस्तरी, हे साधे नरम लागून राहिले. हे काहून न्हाई घेत?"

मी खाली वाकलो, विलायती टायरावर नख दाबलं. नख घसरलं. पुन्हा दाबलं. रेघांच्या तळाशी केसाएवढ्या बारीक भेगा होत्या. सोमलाचं बरोबर होतं. मी चुकलो होतो – आणि अजून काहीच बिघडलेलं नव्हतं. टायर दुकानातच होते. "आबासाहेब, जरा थांबा, हे दुसरे बघू," एवढंच म्हणायचं होतं. काय अडलं होतं माझं?

मी उठलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "सोमला, तू बैलाचे खूर बघ. टायर आम्ही बघतो."

सगळे हसले. आबासाहेबही. सोमलाही हसला – तो तसाच होता, आपल्यावरची थट्टाही गोड मानून घेणारा. ते हसणं संपलं आणि माझे परतीचे दोर कापले गेले. आता टायर बदलायचे म्हणजे तांड्यावरच्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त कळतं असं चारचौघांत कबूल करायचं. ते माझ्यानं होईना. विलायती टायर गाडीत चढले.

इथपर्यंत तरी ही चूक होती. चुकीचं काय, कुणाकडूनही होते. पुढं जे केलं त्याला चूक म्हणता येणार नाही.

शेडमध्ये टायर लाल गाडीला चढवले आणि उन्हात आणल्यावर भेगा मलाच टोचायला लागल्या. आबासाहेबांना दिसल्या तर? दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारं धुतात, तेलाचं बोट लावतात, हळदकुंकू वाहून पाटावर मांडतात, आणि शिलंगण होईपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. माझे जॅक, पाने, टायर काढायच्या लोखंडी पट्ट्या, सगळं पाटावर गेलं. गाडीही पूजेलाच उभी, फक्त ती दसऱ्याला शिलंगणासाठीच हलणार होती. मी करडईचं तेल घेतलं, फडकं भिजवलं, आणि चारही टायर चोळले. कडेनं चोळले तसे वरूनही चोळले, रेघांच्या आतपर्यंत, कारण भेगा तिथंच होत्या. टायर काळेभोर झाले. नवे कोरे दिसायला लागले. येणाजाणारे म्हणाले, मिस्तरीनं गाडीची पूजा काय थाटात मांडली! मी झेंडूची माळ घातली आणि हात जोडले.

तेल आणि रबर यांचं वैर असतं हे मला माहीत नव्हतं का? ज्या शेडमध्ये टायरावर तेलाचा थेंब सांडला तर मी लोकांच्या अंगावर ओरडायचो, त्याच शेडमध्ये मी ते हातानं चोळलं. देवाच्या नावाखाली चोळलं.

दसऱ्याच्या सकाळी सोमला गाडी न्यायला आला. नवा पटका, कपाळाला कुंकू. माझ्या बायकोनं दिलेला चहा त्यानं माझ्या समोर बसून प्यायला, पुरणाची अर्धी पोळी खाल्ली. हे लक्षात ठेवा. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो. त्याच्या तोंडाला दारूचा वास नव्हता. तो पीतच नसे, माळकरी होता.

त्याला एक शब्द सांगता आला असता – सोमला, सावकाश जा, टायर ओशट आहेत. मी सांगितलं नाही. पट्ट्या पूजेत होत्या, शिलंगणाआधी उचलता येत नव्हत्या, टायर बदलणार कसे? – हे कारण मी स्वतःला पुष्कळ दिवस पुरवून पुरवून खाऊ घातलं. पण तोंड काही पाटावर मांडलेलं नव्हतं. बोलायला कुणी मनाई केली होती?

गावाबाहेर कयाधू नदीकडे रस्ता उतरतो आणि उतारातच वळतो. दव पडलेलं होतं. तिथं गाडीचा मागचा भाग निसटला, गाडी गरकन फिरली आणि कडेच्या दगडी कठड्यावर आदळली. सोमला बाहेर फेकला गेला. उजवं मनगट मोडलं. मी धावत पोचलो तेव्हा तो रस्त्यावर बसून मोडलेला हात मांडीवर घेऊन गाडीकडे बघत होता. स्वतःच्या हाताकडे नाही, गाडीकडे. मीही आधी गाडीकडेच बघितलं – टायरांकडे. त्यांना धूळ चिकटली होती. तेल आता कुणालाच दिसत नव्हतं. आणि मला – हे सांगायलाच हवं – मला सुटल्यासारखं वाटलं.

तिकडे आबासाहेब माळा घालून, गाव गोळा करून वाट बघत राहिले, आणि शेवटी पायी शिलंगणाला गेले. ते त्यांना फार लागलं. दुसऱ्या दिवशी ते शेडमध्ये आले. त्यांच्यामागे दहा माणसं, आणि त्या दहांनी आधीच निकाल लावलेला – तांड्यावरचा गडी, दसऱ्याची सकाळ, घेतली असंल. सोमला बाजूला उभा होता, हाताला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. तो म्हणत होता, "न्हाई मालक, पोराबाळांची आन, शिवलो सुदीक न्हाई." आबासाहेबांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ते न्यायानं वागणारे होते. त्यांनी विचारलं, "मिस्तरी, तुमी खरं सांगा. टायरात काई खोट व्हती का?"

मी म्हणालो, "टायर एक नंबर होते."

तो सकाळी माझ्या घरी चहा प्यायला होता, शुद्धीवर होता, हे तर मी बोललोच नाही. मला कुणी विचारलं नव्हतं ना! सोमलाला त्याच दिवशी काढलं. दारुड्या म्हणून काढलेल्या ड्रायव्हरला परत कोण चाक देणार? तो तांड्यावर परत गेला, दुसऱ्यांची बैलगाडी हाकायला लागला. आणि माझं नाव? ते वाढलंच. लढाईत टायर मिळेनासे झाले तेव्हा जुन्या टायरांचा पारखी म्हणून लोक मला लांबलांबून न्यायला यायचे. मी कुठलाच टायर नख लावल्याशिवाय पास केला नाही. एकही वाईट निघाला नाही. हे अभिमानानं सांगतोय, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. तो अभिमान गेलेला नाही. जायला हवा होता का? असेल.

अपघातानंतर महिन्याभरानं सोमला एकदा आला होता. भांडायला नाही. शेडच्या दारात उकिडवा बसला आणि म्हणाला, "मिस्तरी, मी त्या वळणाचा लई इचार केला. तुमचे टायर बराबर व्हते, गाडी बराबर व्हती. मंग माजाच हात चुकला असंल, व्हय ना?"

मी मान हलवली. हो म्हणून.

बघा, लोक त्याला दारुडा म्हणत होते ते खोटं आहे हे त्याला माहीत होतं. ते त्यानं सहज सोसलं असतं. पण आपला हात चुकला, हे त्याला मी पटवलं. तेही एक शब्द न बोलता.

आता शेवटचं, यंदाचंच. रझाकारांची दहशत संपली, रस्ते मोकळे झाले, मी एक जुनी मालमोटार घेतली. ड्रायव्हर हवा होता. मी तांड्यावर गेलो. मला वाटलं – खरंच वाटलं – की त्याला परत चाक देतो, म्हणजे फिटलं. खरं सांगायची गरजच पडणार नाही. सोमलानं मला बाजेवर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. त्याचं मनगट अजून थोडं वाकडं आहे. तो म्हणाला, "न्हाई मिस्तरी. तुमी इतक्या लांब आले, लई मोठं मन तुमचं. पर माज्या हातात खोट हाये. मागं लोकं बसतील, लेकरं बसतील. कोनाचा जीव घेऊ काय?"

एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य मला तोंडपाठ होतं, वाटभर घोकत गेलो होतो. आजूबाजूला कुणी नव्हतं. आबासाहेब वारले होते. माझं कुणी काही वाकडं करणार नव्हतं. समोर एक माणूस स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघत बसला होता, आणि ते हात निर्दोष आहेत हे साऱ्या मुलुखात एकट्या मला माहीत होतं.

मी पाणी प्यायलो, "बरं, जशी तुझी मर्जी," म्हणालो आणि उठलो. वाकड्या मनगटाच्या त्याच हातानं त्यानं मला राम राम केला, आणि वेशीपर्यंत सोडायला आला.