लाइनमन मामांची साखर

छातीएवढी लोखंडी चावी व्हॉल्व्हवर बसवायची आणि वाकून तिच्या मुठीला कान लावायचा, ही मामांची पद्धत. आम्ही बायका फाटकात पाइप धरून श्वास रोखून उभ्या. मामा डोळे मिटलेलेच ठेवून एक बोट वर करत. "आलंच म्हना, ताई."

आणि पाणी यायचंच.

मामा आमच्या भागाचे लाइनमन, म्हणजे नळाला पाणी सोडणारे. असं एखादं माणूस तुमच्याही गल्लीत असेल, ज्याची वाट सगळे बघतात आणि ज्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं. मामा करमाडकडचे, घरी मेंढरं राखणारे. आमची कॉलनी उभी राहिली तेव्हा इथं ज्वारीची रानं होती. पुढे शहर इतकं पसरलं की रस्त्यांवर डांबराचे थरावर थर चढले आणि निम्मे व्हॉल्व्ह त्यांच्याखाली गेले. त्यांचा नकाशा कुठल्या कागदावर नव्हता. तो मामांच्या डोक्यात होता. लिंबाच्या झाडापासून मोजून पावलं टाकत ते यायचे, एका जागी टाच आपटायचे, "हितं खांदा." खोदलं की व्हॉल्व्ह सापडायचा.

दुष्काळाच्या त्या वर्षांत पाणी आठ-नऊ दिवसांनी येई. तेव्हा मामांचा मान जावयाहून मोठा होता.

त्यांना साखरेचा आजार होता. रोज पोटात इन्सुलिनची सुई घेत. हे कळलं आणि मी कामाला लागले. लोकांना सुधारायची मला जुनी खोड आहे. मामांना चहा बिनसाखरेचा द्यायचा, लग्नाचा लाडू, बारशाचा पेढा दाखवायचासुद्धा नाही, असं मी घरोघर बजावून आले. एकदा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात लिमलेटच्या गोळ्यांची पुडी दिसली. मी रस्त्यातच त्यांना धरलं.

"डागदर म्हनले, ठिवा जवळ. घाबरं झालं तर टाका तोंडात."

"डॉक्टर शुगरवाल्याला कधी गोळ्या खायला सांगतात का? मला शिकवता? द्या इकडे."

मामा ओशाळून हसले. "बरं ताई. तुमी म्हंता तर." पुडी त्यांनी माझ्या हातावर ठेवली. मी त्या गोळ्या गल्लीतल्या पोरांना वाटून टाकल्या आणि दिवसभर स्वतःवर खूश होते.

मे महिना होता. पाण्याचा नववा दिवस. सकाळचे अकरा वाजले असतील. पहाटे कुठेतरी मोठी लाइन फुटली म्हणून मामांना बोलावणं आलं होतं. सुई घेऊन ते तसेच उपाशी बाहेर पडले होते. पण हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा आम्हाला एवढंच दिसलं की मामांना चावी व्हॉल्व्हवर बसवता येत नाही. ती पुन्हा पुन्हा बाजूच्या डांबरावर आपटत होती. सदरा घामानं चिंब झाला होता.

"मामा, तिकडे नाही, इकडे!" कुणीतरी ओरडलं.

मामांनी एकदम चावी उगारली. "मला शिकवता का?" ज्या माणसाचा चढलेला आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता, तो दात-ओठ खात होता. "सकाळी सकाळीच घेतली वाटतं," मागून कुणीतरी बोललं. मी जवळ जाऊन वास घेतला. दारू नव्हती. हात धरून त्यांना माझ्या ओट्यावर आणलं.

"कोन तुमी?" त्यांनी मला विचारलं.

ते स्वतःचा खिसा चाचपत होते. रिकामा खिसा, पुन्हा, पुन्हा. मग उठले आणि इतक्या वर्षांत ज्यांनी माझा उंबरा ओलांडला नव्हता, ते मामा सरळ स्वयंपाकघरात शिरले. साखरेचा डबा उघडून त्यांनी मूठ भरली.

मी त्यांचं मनगट पकडलं. साखर फरशीभर सांडली.

"दे ना गं माय," ते म्हणाले. लहान लेकरासारखे.

मी डबा काढून घेतला आणि वरच्या फळीवर, पार आत सारला. हे मी केलं. कुणी सांगितलं नव्हतं.

मामा भिंतीला टेकून खाली बसले. डोळे उघडे, पण त्यातून कुणी बघत नव्हतं. उजवा हात झटके देऊ लागला. मी किंचाळले. शेजारच्या सिस्टर, दवाखान्यात नोकरी करतात, पळत आल्या.

"सुई घेतात ना हे? साखर आणा आधी!"

"अहो, त्यांना शुगर आहे!"

"शुगर उतरलीय त्यांची! मेंदूला काही मिळत नाहीये!"

डब्यापर्यंत माझा हात पोचेना. स्टूल आणलं, चढले. साखर कालवून आणली तोवर मामांना गिळता येत नव्हतं. सिस्टरनी माझा हात मागे सारला. "आता नको. श्वासनळीत जाईल."

रिक्षात त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ते मेंढरं हाकत होते, "हर्र, हर्र". क्रांती चौकात गर्दीत रिक्षा अडकली आणि तो आवाजही थांबला. मी त्यांच्या कानाशी ओरडत राहिले, "मामा, हाका ना मेंढरं! हाका!" तशी भीती मला पुन्हा कधी वाटली नाही.

दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज सोडलं. डॉक्टर म्हणाले, "बाकीचं शरीर साठवणीवर थोडे दिवस काढतं. मेंदूला टाकी नाही, बाई. त्याचा नळ सतत चालू लागतो. साखर आटली की माणूस चिडतो, बरळतो, मग बेशुद्ध होतो. वेळेत मिळाली तर बहुतेक जण बघता बघता उठून बसतात."

"आणि उशीर झाला तर?"

मामांनी डोळे तिसऱ्या दिवशी उघडले.

दोन महिन्यांनी ते कामावर आले. लिंबापासून पावलं टाकली, टाच आपटली. खोदलं, तर नुसता मुरूम. पुन्हा पावलं, पुन्हा मुरूम. तिसऱ्या खड्ड्याच्या काठावर ते बसले. "पावलं तर तीच हायेत, ताई. रस्ता सरकला का?"

"सरकला, मामा," मी म्हणाले.

त्यानंतर महिनाभरात त्यांचा मुलगा त्यांना कायमचं गावी घेऊन गेला. जायच्या आदल्या दिवशी ते नव्या लाइनमनला घेऊन दारोदार ओळख करून देत होते. तो चाळिशीचा माणूस, त्यालाही नुकतीच सुई सुरू झालेली. खिशातल्या गोळ्यांचं सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तब्येतीचं या ताई सांगतील तसं वागत जा. लई जपलं यांनी मला. यांचं ऐकलं, म्हनून टिकलो."