रापणीचा वाटा आणि टीव्हीतली खार

नवरा मुंबईला नोकरीला. एका चतुर्थीला आला तो टीव्ही घेऊनच. आचऱ्याला आमच्या वाडीतला तो पहिलाच. अँटेना पणजीकडे फिरवला की मुंग्यांतून चित्र दिसायचं. रविवारी सकाळी मुलांचा कार्यक्रम लागला की माझी सात वर्षांची लेक पापणी न हलवता बसायची. त्यात कापडाची एक कष्टाळू खार होती. आळशी उंदीर दारात खायला मागायला आला की ती म्हणायची, काम नाही तर घास नाही, आणि धाडकन दार लावायची. पडद्यावरची मुलं टाळ्या पिटायची, लेकही पिटायची. मी घावणे घालता घालता ऐकायचे आणि चिडायचे. शिकवतात ते चांगलंच, मग मी का चिडते, ते सांगता येत नव्हतं.

थंडीत किनाऱ्यावर रापण लागायची. समुद्रात लांबवर सोडलेलं जाळं सगळ्यांनी मिळून दोऱ्यांनी ओढायचं, आणि दोरीला ज्याने हात लावला त्याला माशांचा वाटा, मग तो पैलवान असो की पोर. शेजारची एकटी म्हातारी दोरीचं टोक नुसतं धरून उभी राहायची. तिचं कालवण त्यावरच शिजायचं.

एका रविवारी टीव्ही बघून आम्ही मायलेकी तशाच किनाऱ्यावर गेलो. वाटे पडले तेव्हा लेक सगळ्यांदेखत म्हणाली, "आजयेन दोरी ओढूक नाय. तिका वाटो कित्याक?"

म्हातारी हसली. उचललेले बांगडे वाळूत ठेवून, हात लुगड्याला पुसून घरी गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लेकीला धपाटा घालायला हात उठला, पण घालणार काय म्हणून? आम्हीही तिला हेच शिकवत आलो होतो.

म्हातारी पुन्हा रापणीवर फिरकली नाही. मी कालवण घेऊन गेले, तर "चेडू खरां बोललां गो," म्हणून वाटी तशीच परत दिली. मला घरात बसवेना की उभं राहवेना. लेकीला समजावलं, की ओढायचा जोर नसला तरी आजी आपल्यातली आहे.

पुढच्या रापणीला लेक दोरीपासून लांब उभी राहिली. का, तर म्हणाली, "मी तरी खंय ओढतंय? मी पण नुसतीच धरतंय."

आता दोघी बाहेर. रापणीचा म्होरक्या असलेल्या तांडेलाने तरीही दोघींचे वाटे घातले. ते कोणी उचलेना. मी कावळे हाकत उभी. बराच वेळ त्या दोन ढिगांकडे बघून लेक पळत गेली आणि म्हातारीला हाताला धरून घेऊन आली. म्हातारी तिला म्हणाली, "आदी तू घे, मगे मी घेतंय." दोघींनी आपापला वाटा उचलला. मला रडू आलं.

पुढच्या रविवारी पुन्हा टीव्ही लागला. खारीने दार लावलं, मुलांनी टाळ्या पिटल्या. लेकीने वळून मला विचारलं, "आये, उंदीर आता खंय जातलो?"